टेम्पो सेल्फ घेत नाही? आधी वायर बघा

तायांनो, अंजूरकडे बऱ्याच घरांचं पोट जुन्या टेम्पोवर चालतं. पावसाळ्यात सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘कट-कट’ वाजतं, आणि घरचे म्हणतात, ‘गटातून कर्ज काढ, नवी बॅटरी घेऊ.’ जरा थांबा.

सेल्फ इंजिन फिरवताना शंभराहून जास्त अँपियर करंट ओढतो. टर्मिनलवर गंज असला की तो करंट तिथेच अडतो. हेडलाइट लावून चावी फिरवून बघा. लाइट एकदम मंद झाली, तर बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल, अर्थिंगची वायर सैल असेल. लाइट तशीच राहिली, तर सेल्फकडे जाणारी बारीक वायर, स्विच नाहीतर सेल्फच; ते वायरिंगवाल्याला दाखवा.

साफ करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चावी बाहेर. धातूच्या बांगड्या काढा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ब्लाउजमध्ये नीट खोचा, कारण दोन्ही टर्मिनलला धातू एकदम लागला की भडका उडतो. जवळ बिडी नको; बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. वजा खुणेची वायर आधी सोडायची, जोडताना शेवटी. पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण झाकणं घट्ट ठेवून आणि डोळे जपून. सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. अर्थिंगची वायर चासीला बसते तिथला गंज बहुतेकजण विसरतात.

तरीही ‘कट-कट’ आलं, तर बॅटरी चार्ज करून तपासा. 12 व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर 12.6 च्या आसपास दाखवते. लोड टाकूनही तपासायला सांगा. ते रीडिंग लिहून घ्या आणि कर्जाच्या अर्जासोबत बैठकीत आणा.