घरी बनविलेली कॉर्ड : चार पैशांची बचत, जिवाचा सौदा

देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. त्याच बोईसर-तारापूर पट्ट्यात सालवड आहे. औद्योगिक वसाहतीत राबणारे अनेक कामगार या भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोलीत प्लग एक आणि इस्त्री, शेगडी, पंखा, मोबाईल अशा वस्तू चार. मग हाती लागेल त्या वायरीला पिन व सॉकेट बसवून कॉर्ड तयार होते. काही दुकानदार बंधूही अशा कॉर्ड जोडून विकतात. यात धोका नेमका कोठे आहे, ते आम्ही येथे सोप्या हिशेबाने मांडत आहोत.

वायरीची ताकद तिच्या आतील तांब्यात असते, वरच्या जाड आवरणात नव्हे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. ०.५ चौरस मि.मी.ची वायर साधारण ४ अँपिअरपर्यंतच वापरावी. अशा वायरीची १० मीटर कॉर्ड या शेगडीला जोडली, तर कॉर्डमध्येच सुमारे ५९ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे ६० वॅटचा जुना बल्ब वायरीतच पेटल्यासारखे झाले. १.५ चौरस मि.मी.च्या वायरीत हीच उष्णता सुमारे २० वॅट होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे. कॉर्ड गुंडाळून किंवा चटईखाली ठेवली, तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते मऊ पडते व दोन तारा एकमेकींस भिडतात.

स्पीकरची, टेलिफोनची किंवा संगणक जोडणीची केबल या कामाची नाही. संगणकाच्या केबलमधील एकेक तार जेमतेम ०.२ चौरस मि.मी.ची असते. टीव्हीच्या केबलची बाहेरची जाळी विजेसाठी वापरली, तर तिच्यावर केवळ एक पातळ आवरण उरते.

"एमसीबी आहे, काळजी कसली?" असे अनेकजण म्हणतात. हा मोठा गैरसमज होय. १६ अँपिअरचा एमसीबी ८.७ अँपिअरला पडणारच नाही. बारीक वायर मात्र तापत राहील. दुसरी चूक अर्थिंगची. इस्त्रीसारख्या धातूच्या उपकरणाला दोन तारांची कॉर्ड लावली, तर आत गळती होताच वरचा धातू जिवंत होतो आणि हात लावणाऱ्यास झटका बसतो. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रोधक स्विच येथे जीव वाचवू शकतो, परंतु तो योग्य वायरीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली कॉर्ड तर कधीच बनवू नये; तिची उघडी पिन म्हणजे उघडी वीजच.

व्यापारी बंधूंनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने पीव्हीसी वायरींना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सुटे भाग जोडून वस्तू तयार करणाराही उत्पादकच ठरतो. सदोष मालाने नुकसान झाले तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य लपविणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेली ताकीद आपण सारे जाणतो. जाड आवरणाखाली बारीक तार विकणे याहून वेगळे काय?

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. शेगडी-गिझरला आयएसआय चिन्हाची, किमान १.५ चौरस मि.मी.ची तीन तारांची वायर व १६ अँपिअरचा प्लग वापरावा. वापर चालू असताना अधूनमधून कॉर्ड व पिनेवरून हात फिरवावा. गरम लागली की बटण बंद करावे. जोडकाम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

रात्री निजताना दिवे विझवावेत, कारण उंदीर वात ओढून घर जाळू शकतो, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आज वातीची जागा वायरीने घेतली आहे. झोपण्यापूर्वी तिच्यावर एक नजर टाकण्यास पैसा लागत नाही.