बाळूस पत्र

चि. बाळू यास,


मुकादमाकडून ऊसतोडीसाठी जोडीची आगाऊ उचल घेतलीस, हे दादानं फोनवर सांगितलं. सूनबाईवर हात टाकलास, हे मात्र त्यानं सांगितलं नाही; ते गावातून कळलं. विचारलं तर म्हणाला, "चालायचंच, आमच्या वेळीही होतं." होतंच. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचे अण्णा पहिल्यांदा घाट उतरून उसाच्या फडात गेले. पाचटाच्या कोपीत रात्री काय चालायचं ते दादानं आणि मी गोधडीआडून पाहिलंय. आई तरी पहाटे तीनला उठून दिवसभराच्या भाकरी थापायची, सुजल्या हातानं मोळ्या बांधायची. दादा तेव्हा रडायचा. पुढं त्यानंही तुझ्या आईला तसंच मारलं. अण्णांची उचल फिटली नाही, दादाची फिटली नाही, आता तुझ्या अंगावर आली. मार मात्र दर पिढीला चुकता होत आला.

तू म्हणशील, आत्या, तुला काय कळणार फडातलं? कळतं रे. बाई तापानं पडली की खाड्याचा भुर्दंड जोडीला बसतो. मुकादमापुढं तोंड उघडता येत नाही, मग राग कोपीत येऊन निघतो. याच खाड्याच्या धास्तीनं आपल्या बीडच्या कितीतरी बायांनी तिशी-पस्तिशीत गर्भाशयाच्या पिशव्या काढून घेतल्या. 2019 साली बोभाटा झाला तेव्हा कुठं सरकारनं समिती नेमली. गरिबी खरी आहे, पण मुकादमासमोर तुझा हात बरोबर आवरतो की! म्हणजे आवरता येतो.

आणि निम्मा ऊस सूनबाई तोडते. उचल मुकादमाच्या वहीत तुझ्या नावावर असली तरी फिटते दोघांच्या घामावर. तेव्हा गाडीगणिक पावतीवरचे टन स्वतः लिहून ठेव, जमल्यास तिलाच लिहू दे. नववी शिकलेली आहे ती. मुकादमाच्या आकड्यावर दादानं उभा जन्म विश्वास ठेवला. पंधरवड्याचा खर्च हातात पडला की आधी तिच्याकडं दे, गुत्त्याकडं नंतरही जाऊ नकोस.

तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न यंदाच उरकायचं घाटतंय म्हणे. पंधरा वर्षांची पोर! मागं गावात एकटी कशी ठेवायची ही दादाची काळजी खोटी नाही, पण लग्न लावलं की वर्षात तीही कोणाच्या तरी जोडीत कोयता धरील. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघालीत, तिथं चौकशी कर. नाहीच जमलं तर हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत माझ्याकडं राहील. दादाशी मी बोलते, तू फक्त मध्ये हो म्हणू नकोस.

सोबत सूनबाईच्या नावाचं बंद पाकीट आहे. त्यात 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याची माहिती, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं कसं जायचं ते आणि 181 हा नंबर लिहिलाय. न फोडता तिला दे. पोचलं की नाही, ते तिलाच फोन करून विचारीन.

तुझी,
आत्या