लातूरच्या घरातलं पाणी

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली आणि देशभर फोटो झळकले. मांजरा धरण आटलं होतं. गल्लीत आम्ही मात्र टँकरकडे डोळे लावून बसायचो. तेव्हा अंगवळणी पडलेलं आजही घरात चालतं, ते असं:

१. पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. नळ आला की कालचं भरलेलं मोरीत ओतायचं, ही आपली जुनी खोड. झाकून ठेवलेलं, हात न बुडवता ओगराळ्यानं काढलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही खुशाल प्यावं. सासूबाईंना काही केल्या पटेना. शेवटी त्यांनीच तोड काढली: पिण्याचा हंडा ताजा भरायचा, कालचं पाणी स्वयंपाकाला.

२. पिंप मात्र आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचंच. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला, पिंपाच्या आतल्या भिंतीवर अंडी घालतो. ती चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. काथ्यानं खसाखसा घासावं आणि तोंडाला सुती कापड ताणून बांधावं.

३. धुण्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरायचं. त्यात पुढचे मळके कपडे भिजतात, उरलेलं संडासात. घरातलं बरंच पाणी तिथंच जातं. जुनी फ्लशची टाकी एका दमात दहा लिटर तरी ओतते. टाकीत पाण्यानं भरलेली, बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली उभी करा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं. वीट ठेवू नका. ती झिजते आणि खर वायसरात अडकून टाकी गळायला लागते.

४. आरओची नळी बादलीत सोडा. लिटरभर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाहून जातं. त्यात क्षार फार, म्हणून फरशीला चालतं. कुंड्यांना रोज घातलं तर मातीवर पांढरा थर धरतो.

५. गळक्या तोटीखाली रात्री पातेलं ठेवा. सकाळी ते काठोकाठ भरलेलं पाहिलं की नवरा आपणहून प्लंबरला फोन लावतो.

६. पाहुण्यांपुढे तांब्या-भांडं ठेवावं, ज्याला लागेल तेवढं तो ओतून घेतो. ट्रेमधले भरलेले ग्लास दोन घोट घेऊन तसेच परत येतात.

७. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा भरलं आणि गल्लीत पाइप लावून गाड्या धुणं पुन्हा सुरू झालं. आमची गाडी अजून एका बादलीत आणि फडक्यानं निघते. मुलगा कुरकुरतो, पण पुसतो.