सांबाराच्या जुडीचा हिशेब

वाशीममध्ये घराच्या गच्चीलगतच्या खोलीत मी पालेभाजीसाठी चार मजली लोखंडी मांडणी उभी केली. मातीऐवजी कोकोपीट, उन्हाऐवजी एलईडी नळ्या. तीन वर्षांत जे उमगलं, ते असं.

१. अशी उभी शेती वाचवते ते अंतर. मी गणित मांडलं मुंबई-पुण्याचं: हॉटेलं, सॅलड, घरपोच डबे, महिन्याची वर्गणी. आमच्याकडे वेशीबाहेर पाऊल टाकलं की शेत लागतं. हिवाळ्यात पहाटे उपटलेली मेथी दवासकट बाजारात येते. तिच्यापेक्षा ताजं मी काय देणार होतो?

२. ऊन विकत घ्यावं लागलं की त्याची किंमत कळते. वीस वॅटच्या २० नळ्या, रोज १४ तास. म्हणजे दिवसाला ५.६ युनिट, महिन्याला १६८. घरगुती मीटरवर १०० युनिटांपुढे दर चढतो, तो वेगळाच. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर शेती समजावत ती सूर्यप्रकाशाच्या हिशेबानं. तो हिशेब मला वीजबिलानं शिकवला. अमेरिकेतली उभ्या शेतीची कंपनी एरोफार्म्स २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तशीच दुसरी, बोवरी, २०२४ मध्ये बंद पडली. एवढं भांडवल असून त्यांना पालेभाजीवर खर्च पेलला नाही, हे वाचून मी रात्रभर वही घेऊन बसलो.

३. नाव बदललं म्हणून पदार्थ नवा होत नाही. मुंबईत वाळूतली समुद्रमेथी बोटभर असतानाच मुळांसकट विकली जाते. तिथं कुणाला ती समजावून सांगावी लागत नाही. मी तसलीच मेथी ‘मायक्रोग्रीन्स’ म्हणून डबीत घातली. एका आजींनी डबी उघडून पाहिली आणि विचारलं, “एवढुशा मेथीचं करू काय, भाऊ?” तरोटा, चिवळ, अंबाडी ओळखणाऱ्या बाईला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारातल्या नऊ डब्या घरी परत आल्या.

४. मे महिन्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, महागतो, तेव्हा आपलीच चलती, असं वाटलं होतं. धने रगडून फाके केले, भिजवले, पेरले. निम्मे उगवलेच नाहीत. थर्मामीटर लावला, तर वरच्या फळीवर खालच्यापेक्षा चार अंश जास्त. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणला. कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालला, जुलैच्या दमट हवेत त्याच खोलीत बुरशी धरली. जुड्या निघाल्या, पण बिल वजा जाता हाती फारसं उरलं नाही.

५. धंदा मला गिऱ्हाइकानं दाखवला. मालेगाव तालुक्यातले एक काका सांबार घ्यायला आले आणि ट्रेकडे पाहत राहिले. “मिरचीची रोपं करून देता काय?” संकरित बियाणं महाग, एकेक दाणा मोजून घेतलेला, उघड्या वाफ्यात त्यातलं बरंच वाया जातं. ठरलं असं: बियाणं त्यांचं; ट्रे, कोकोपीट, राखण माझी; पैसे रोपामागे, निम्मे आगाऊ. दिवे लागतात ते उगवणीनंतर थोडे दिवस, पुढं गच्चीवरची शेडनेट पुरते. जेमतेम दीड चौरस फूट जागेत ट्रेचे ९८ कप्पे, आणि माल निघण्याआधीच विकलेला. भाजीत हे कधीच जमलं नव्हतं.

यंदा जूनमध्ये काका रोपं न्यायला आले. प्रत्येक ट्रेवरून बोट फिरवत त्यांनी रिकामे कप्पे मोजले. अकरा निघाले. मी अकरा रोपांचे पैसे कमी केले. त्यांनी दोन ट्रे टोमॅटोचं बियाणं माझ्या हातात ठेवलं.