वंध्यत्वोपचाराचा सक्तीचा विमा आणि नोकरदार स्त्री

वंध्यत्वावरचे उपचार आरोग्यविम्यात असलेच पाहिजेत, अशी सक्ती अमेरिकेत देशपातळीवर नाही; ती करायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवते. आयव्हीएफसाठी असा कायदा मेरीलँडने १९८५ मध्ये प्रथम केला. मॅसॅच्युसेट्सने तो १९८७ मध्ये, इलिनॉयने १९९१ मध्ये आणि न्यू जर्सीने २००१ मध्ये आणला. कायदा आहे म्हणजे सगळीकडे सारखेच मिळते, असे मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये उपचाराच्या फेऱ्यांच्या, म्हणजे सायकलींच्या, संख्येवर मर्यादा नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत पन्नासपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या गटविम्याला कायदा लागू होतो, आयुष्यात चार वेळा स्त्रीबीजे काढण्याचा खर्च मिळतो आणि मूळ कायद्यात वयाची अट ४५ वर्षांची होती. न्यूयॉर्कने २०२० पासून मोठ्या गटविम्यांत आयव्हीएफच्या तीन सायकली घातल्या.

नोकरदार स्त्रीची सर्वाधिक फसगत होते ती एका तांत्रिक फरकामुळे. बऱ्याच मोठ्या कंपन्या विमा विकत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे पैसे त्या स्वतःच भरतात आणि विमा कंपनीला फक्त क्लेमचे कामकाज सोपवतात. अशा सेल्फ-फंडेड योजनांना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्याची सक्ती लागू होत नाही. विम्याच्या कार्डावर नाव विमा कंपनीचेच असते, त्यामुळे कार्ड पाहून काहीच कळत नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीचा खर्च मंजूर होतो, तर दुसरीला पूर्वमंजुरीच्या अर्जावर ‘योजनेत समावेश नाही’ एवढेच उत्तर येते. म्हणून एचआरला ‘आयव्हीएफ मिळते का’ असे विचारून भागत नाही. योजना सेल्फ-फंडेड आहे का, पॉलिसी कोणत्या राज्यात काढलेली आहे आणि औषधांचा खर्च त्याच मर्यादेतून वळता होतो का, याची उत्तरे लेखी घ्यावी लागतात.

सक्तीचा एक वैद्यकीय फायदा अभ्यासात दिसला आहे. पैसे स्वतःच्या खिशातून जात असले की ‘एकदाच काय ते होऊ दे’ म्हणून जास्त भ्रूण सोडण्याकडे जोडप्याचा कल होतो आणि तिळ्यांची जोखीम वाढते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००२ साली आलेल्या अभ्यासात, पूर्ण विमासंरक्षण असलेल्या राज्यांत आयव्हीएफचा वापर जास्त, पण दर सायकलीला सोडलेल्या भ्रूणांची संख्या कमी आढळली.

नोकरीवरचा परिणाम इतका सरळ नाही. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी १९९४ मध्ये बाळंतपणाच्या सक्तीच्या विम्याचा अभ्यास केला. त्या विम्याचा बोजा संबंधित गटाच्या पगारातून वसूल झाला. रोजगार फारसा घटला नाही. वंध्यत्वोपचाराच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ जोआना लेही यांना २०१२ मध्ये वेगळे चित्र दिसले. प्रजननवयाच्या उत्तरार्धातल्या स्त्रियांचे पगार घटले नाहीत, पण त्यांचे एकूण काम घटले. बाळंतपणाचा विमा बहुतेकींना हवासा वाटतो, वंध्यत्वाचा थोड्यांनाच लागतो. त्यामुळे त्यापोटी कमी पगार कोणी पत्करत नाही आणि मालक त्या वयाच्या स्त्रियांना कामावर घेताना हात आखडता घेतो. कायदा जिच्या भल्यासाठी, त्याची किंमत त्याच वयाच्या, उपचारांची कधीच गरज न पडणाऱ्या स्त्रीलाही मोजावी लागू शकते.

दुसरी बाजूही नोंदलेली आहे. उपचार हाताशी असण्याची खात्री असली की तरुणी दीर्घ शिक्षणाचे व्यवसाय निवडतात. इस्रायलने १९९० च्या दशकाच्या मध्यावर आयव्हीएफ जवळजवळ मोफत केल्यानंतर स्त्रियांचे लग्नाचे वय आणि उच्च शिक्षण दोन्ही वाढल्याचे अभ्यासांत दिसले. मात्र विमा बिल भरतो, वय थांबवत नाही. स्वतःच्या बीजांवर होणाऱ्या आयव्हीएफचे यश पस्तिशीनंतर घसरू लागते आणि चाळिशीनंतर झपाट्याने खाली येते. विम्याच्या भरवशावर निर्णय लांबवणारीला हा हिशेब आधीच मांडावा लागतो.

विमा वेळही देत नाही. एका सायकलीत दहा-बारा दिवस रोज ठरलेल्या वेळी इंजेक्शने असतात. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते, आणि पुढचा डोस किती घ्यायचा हे दुपारी क्लिनिकच्या फोनवर कळते. शेवटचे इंजेक्शन दिल्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीजे काढतात. तो दिवस बीजांच्या वाढीवर ठरतो, त्यामुळे महिनाभर आधी रजा टाकता येत नाही. त्या दिवशी भूल दिलेली असल्याने घरी न्यायला सोबत लागते. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची रजा बिनपगारी आहे आणि तीही पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी, वर्षभर नोकरी झालेल्यांना. वरिष्ठांना सगळे सांगण्याची गरज नसते. ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत, काही सकाळी उशीर होईल’ एवढे ईमेलने कळवून ठेवणे पुढे उपयोगी पडते.

उपचार सुरू असताना नोकरी बदलायची झाल्यास नव्या योजनेचे नियम राजीनाम्याआधी तपासणे गरजेचे असते. जुना विमा कोब्रा कायद्याखाली साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही स्वतः भरावा लागतो. ज्यांचा व्हिसाच नोकरीला बांधलेला आहे, त्यांची नवी नोकरी लांबली तर हा पर्याय फार काळ पुरत नाही.

भारतात अशी सक्ती नाही. आरोग्यविम्याच्या प्रमाणित वगळण्यांच्या यादीत वंध्यत्व आहे. काही पॉलिसींत ते जास्त प्रीमियम आणि प्रतीक्षाकाळासह मिळते. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने बीजदात्या स्त्रीचा विमा काढणे जोडप्यावर बंधनकारक केले, पण उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या खर्चाबद्दल विमा कंपनीवर कोणतेही बंधन घातले नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या नोकरदार स्त्रीची भिस्त कंपनीच्या गटविम्यावरच राहते. त्यात हा लाभ आहे का, किती रकमेपर्यंत आहे आणि नोकरी सोडल्यावर त्याचे काय होते, हे पहिल्या सायकलीची तारीख ठरण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते.