पारध, फासकी आणि पंचनामा

आमचा गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. भातशेती, नारळ-पोफळीची बाग आणि ग्रामसभा, यांतच आयुष्य गेलं. रान आणि कायदा यांच्या भांडणात जे शिकलो, ते लिहितो आहे.

1. कायद्याला शिव्या देण्याआधी तो का आला ते आठवावं.
1972 साली देशात वाघ अठराशेच्या आसपास उरले होते. जीपगाड्यांतून होणारी हौशी शिकार आणि कातड्यांचा व्यापार यांनी रानं ओस पडत चालली होती. त्या वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणून पुष्कळ काही वाचलं. ‘हा कायदाच बुडवा’ असं भाषणात सांगणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे मी जात नाही.

2. सगळी शिकार एक नसते.
रात्री गाडीतून येऊन, बॅटरीच्या झोतात दिपलेल्या भेकरावर बार टाकायचा आणि मटण बाजारात विकायचं, ही एक शिकार. गावाची पारध ही वेगळीच गोष्ट. गावकार गाऱ्हाणं घालायचा, हाकारी रान उठवायचे, बंदूकवाले ठरल्या वाटांवर बसायचे. सगळं दिवसाढवळ्या आणि गावासमोर. डुक्कर पडलं की वाटे पडत. बार टाकणाऱ्याला मानाचा वाटा, बाकी सगळ्यांना सारखा. देवराईत बार टाकायचा नाही, पावसाळ्यात रानात शिरायचं नाही. हा धाक देवाचाही होता आणि शेजाऱ्यांचाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू यांचा अभ्यास केला, तेव्हा प्रत्येकाचं सावज आणि शिकारीची रीत वेगळी असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे शिकारीवर जगणाऱ्यांनाही रान वाटून घेण्याची शिस्त होती. ही सगळी शिस्त कायद्याच्या एका ओळीत बॅटरीवाल्याच्या शेजारी नेऊन बसवली, हे मला अजून पटलेलं नाही.

3. कोणाची शिकार इतिहास होते आणि कोणाची गुन्हा, हे पाहावं.
राधानगरीचं रान कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं राखीव जंगल होतं. 1958 मध्ये तिथे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं. अभयारण्य झालं ते उत्तमच झालं, आणि राजांची शिकार इतिहास ठरली. पण फासेपारध्यांवर इंग्रजांच्या काळापासून गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. तो 1952 मध्ये कागदावरून पुसला, आणि वीस वर्षांनी त्यांचं पोट ज्या कामावर होतं तेच गुन्हा ठरलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानातले कितीतरी पारंपरिक हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. तो वगळताना ‘मग या माणसांनी काय करावं’ याचं उत्तर तरी द्यायला हवं होतं.

4. उघडी पारध थांबली की फासकी येते.
हे मला सगळ्यांत जास्त छळतं. दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फास कुंपणाच्या फटीत अडकवला की काम झालं. लावणारा दिसत नाही, आवाज होत नाही. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेत बिबट्या कमरेला आवळून सापडतो. फासकी नर-मादी ओळखत नाही, गाभण जनावर सोडत नाही. पारधीत पन्नास माणसांचे डोळे असत, इथे कोणाचेच नसतात. फासकी लावणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. पण तो लपून का करू लागला, हे वनखात्याला विचारणं मी सोडणारही नाही.

5. परवानगी कागदावर असते, डुक्कर मळ्यात असतं.
कलम 11 प्रमाणे पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी मिळू शकते. अर्ज, पाहणी, पंचनामा होईपर्यंत कळप शेत लोळवून जातो. शेती संरक्षणाचा बंदूक परवाना असला, तरी निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. 2009, 2014, 2019 या तिन्ही विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात आल्या, म्हणजे नेमक्या भात पिकायच्या वेळी. शिवाय परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता. त्याचा वाटा कोणाला नाही. मग हाक्याला कोण येणार?

6. नुसत्या बंदुकीने भागणार नाही.
मुलं मुंबईला गेली, वरकस जमिनी पडीक राहिल्या. जिथे नाचणी आणि वरी व्हायची तिथे आता घराच्या मागच्या पायरीपर्यंत झाडोरा आहे. डुकराला लपायला याहून काय हवं? हे शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांना आवडत नाही, तरी मी बोलतो.

7. गावाला अधिकार हवा, आणि हिशेबही.
केरळात 2022 मध्ये पंचायतींच्या अध्यक्षांना उपद्रवी रानडुकरं मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. गाडगीळांनी तर 1972 चा कायदाच घटनाबाह्य आहे असं उघडपणे म्हटलं. मी तितका पुढे जात नाही. आमच्या ग्रामसभेपुढे मी ठेवलेला मसुदा एवढाच आहे: फक्त रानडुक्कर, फक्त पिकाच्या हंगामात, देवराई आणि अभयारण्य सोडून. प्रत्येक बार नोंदवहीत लिहायचा, वनरक्षकाने ती वही केव्हाही तपासावी. गावाच्या हद्दीत फासकी सापडली तर त्या वर्षाची परवानगी संपूर्ण गावाची रद्द. शेवटच्या अटीवर सभेत खूप आरडाओरडा झाला. ती अट मी काढणार नाही.