घराण्याचं पित्त

"पित्त आमच्या अंगातच आहे," असं आत्या घराण्याचा दागिना मिरवावा तसं सांगायची. बाबांच्या खिशात आल्याच्या वड्या, आत्याच्या फडताळात मोरावळ्याची बरणी आणि माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. आजोबा जठराच्या कॅन्सरने गेले, तेही पित्ताच्याच खात्यावर मांडलेलं.

सहा वर्षं मी रोज चहाआधी ती गोळी घेत होतो. चिठ्ठी नव्हती, केमिस्ट देत होता. मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. दोन दिवस मी ते अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी अर्ध्या जिन्यावरच बसलो. हिमोग्लोबिन ७. दुर्बिणीतून ड्युओडेनममधला अल्सर दिसला आणि बायोप्सीत जंतू: हेलिकोबॅक्टर पायलोरी.

चीड याची, की वर्षापूर्वी श्वासाच्या तपासणीत तो सापडला नव्हता. त्या सकाळीही मी गोळी घेतली होती! आम्ल कमी करणाऱ्या या गोळीने जंतू दबतो आणि तपासणीला हुलकावणी देतो. तपासणीआधी गोळी निदान दोन आठवडे बंद हवी, अँटिबायोटिक चार आठवडे. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. तुम्ही न विचारता सांगा.

आम्लात जंतू जगेलच कसा, असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला, तरी पटेना. १९८४ मध्ये मार्शल तो चक्क प्यायले आणि जठराला सूज आणून बसले. नोबेल मिळायला २००५ उजाडलं. हा पठ्ठ्या जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्ल बोथट करतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरात ठाण मांडतो.

भाऊ आणि मी लहानपणी एका ताटात जेवलो. तपासलं तर जंतू त्याच्याही पोटात, पण त्याला कधी करपट ढेकर नाही. जंतूचे वाण निरनिराळे, तशी माणसंही. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात काहींच्या बाबतीत असा फरक असतो की जंतू शिरल्यावर दाह भडकतो, आम्ल घटतं, अस्तर झिजतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे आत्याचं 'अंगातच आहे' अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं घरातल्या घरात, बहुधा बालपणीच, तोंडातोंडी आलेलं. आईवडील किंवा भावंडांत कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसला तरी या जंतूची तपासणी करून घ्या.

औषधाचा कोर्स चौदा दिवसांचा. तोंडात पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव येते, म्हणून मी नवव्या दिवशी सोडला. फेरतपासणीत जंतू जागच्या जागी. पुन्हा चौदा दिवस, या खेपेला गोळ्या बदलून. काहींचं यकृत जन्मजातच कोर्समधली आम्ल कमी करणारी गोळी झपाट्याने निकामी करतं, त्यांना डोस पुरत नाही. म्हणून कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी तपासून घ्यायलाच हवं. माझा रिपोर्ट आता कोरा आहे.

परवा आत्याला तपासणीला नेलं. रिक्षात तिने हळूच विचारलं, "मोरावळा बंद करायला लावतील का रे?"